एका बोटाची उडी

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ५ तारखेला रिलायन्स जिओची सेवा देशभर सुरू झाली. या कंपनीचा कारभार चालतो तो नवी मुंबईतल्या घणसोलीच्या विस्तीर्ण आवारातून. ७ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ॲपलच्या कार्यक्रमात शिगेरू मियामोतो मंचावर आले आणि त्यांनी आयफोनच्या काचेवर धावणारा मारिओ जगाला दाखवला. मारिओचे हे जनक तेव्हा ६३ वर्षांचे होते. नवा खेळ एका हाताने खेळता येतो हे सांगताना त्यांनी रेल्वेतल्या उभ्या प्रवाशाचं उदाहरण दिलं. एका हाताने वरची कडी धरलेली आणि दुसऱ्या हातात फोन.

मियामोतोंच्या डोळ्यांपुढे कदाचित जपानमधल्या गाड्या असतील. पण ते वर्णन हार्बर मार्गावरच्या प्रवाशाला जसंच्या तसं लागू पडतं. पनवेलहून सीएसएमटी गाठायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो, वाशीहून पाऊण-एक तास. या मार्गावर फास्ट गाडी नाही. प्रत्येक स्टेशन घेत, प्रत्येक स्टेशनवर आणखी माणसं घेत गाडी पुढे सरकते. पनवेल-खांदेश्वरला चढलेल्याला निदान टेकायला जागा मिळते. नेरुळ-जुईनगरला चढणारा बहुतेक वेळा उभाच. पाठीवरची बॅग छातीवर आलेली, डावा हात वरच्या हँडलला, खांदे दोन्ही बाजूंनी आवळलेले. मोकळा असतो तो फक्त उजव्या हाताचा अंगठा.

या अंगठ्यासाठी गेल्या दहा-पंधरा वर्षांत खेळांची एक आख्खी जात तयार झाली आहे. रंगीबेरंगी पडद्यावर एक छोटी आकृती आपली आपण धावत असते. पुढे खड्डे, काटे, भिंती, सरकत्या फळ्या येत राहतात आणि खेळणाऱ्याने काचेला बोट लावलं की ती आकृती उडी मारते. बाकी काहीही करायचं नसतं. शेजारचा प्रवासी खांद्यावरून डोकावतो तेव्हा त्याला हे फार पोरकट वाटतं, पण जरा वेळ बघत राहिला तर पुढच्या खड्ड्याशी त्याचाही श्वास क्षणभर अडकतो.

त्या एका स्पर्शात किती विचार भरलेला आहे, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

प्लॅटफॉर्म गेम हा प्रकार उडीवर उभा आहे. १९८१ मध्ये मियामोतोंच्याच ‘डाँकी काँग’मध्ये एक सुतार गडगडत येणाऱ्या पिंपांवरून उड्या मारत वर चढला. पुढे १९८५ मध्ये तोच गडी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा नायक झाला. मराठी मध्यमवर्गाच्या घरात ही उडी नव्वदच्या दशकात दोन वाटांनी शिरली. एक वाट टीव्हीला जोडायच्या गेमची. मूळ जपानी यंत्राच्या स्वस्त नकला बाजारात आल्या होत्या. त्यांच्या कॅसेटवर ‘इतके हजार इन वन’ असे भलेमोठे आकडे छापलेले असत आणि चालत नसली की कॅसेट बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची, हा पोरांचा सार्वत्रिक उपाय होता. दुसरी वाट कॉम्प्युटर क्लासची. तिथे काळ्या पडद्याच्या डॉस मशीनवर ‘डेव्ह’ असायचा. जॉन रोमेरो यांनी १९८८ मध्ये रचलेला ‘डेंजरस डेव्ह’ भारतातल्या शाळा-क्लासांत इतका रुजला, की अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डवर बोटं ठेवली ती त्याच्यासाठी. दहा लेव्हल, आणि प्रत्येकीत कप मिळवल्याशिवाय दार उघडत नाही. त्याच्याच शेजारी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेका चौकटीवरून रेखाटून १९८९ चा तो राजपुत्र चालता-पळता केला. कठड्याला लोंबकळणारी ती देहबोली ज्यांनी पाहिली ते ती विसरलेले नाहीत.

या सगळ्या खेळांत बोटांखाली काहीतरी ठोस होतं. कीबोर्डची बाणाची कळ असो की कंट्रोलरचं लाल बटण, त्याला कड होती, खोली होती, दाबल्यावर परत वर येण्याचा जोर होता. सरावलेल्या बोटाला खाली बघावं लागत नसे. नजर पूर्णपणे पडद्यावर, आणि बोटं आपल्या जागी.

काचेने नेमकं हेच काढून घेतलं. फोनच्या पडद्याखाली पारदर्शक वाहक पदार्थाची अतिशय बारीक जाळी असते. बोट टेकलं की त्या जागची विद्युतधारकता किंचित बदलते आणि फोनला जागा कळते. बोटाला मात्र काहीच कळत नाही. सगळीकडे सारखाच गुळगुळीतपणा. सुरुवातीच्या अनेक फोन-खेळांनी काचेवर बाणाच्या कळा आणि गोल बटणं रंगवून दिली. ती वापरताना अंगठा हळूहळू सरकतो, रंगवलेल्या कळेच्या बाहेर जातो आणि ऐन खड्ड्याच्या काठावर आकृती थबकते. वर पुन्हा दोन अंगठे पडद्याचे दोन कोपरे झाकून टाकतात, आणि शत्रू नेमका तिथूनच येतो. नवी मुंबईच्या जून-जुलैत तर आणखी भर. छत्री मिटून डब्यात शिरलेल्याचं बोट ओलं असलं की पाण्याचा थेंबही जाळीला बोटासारखाच वाटतो आणि स्पर्श भलतीकडेच नोंदवला जातो.

बटणांची नक्कल करून काचेवर भागणार नव्हतं. काचेला जमेल असाच खेळ नव्याने मांडायला हवा होता.

२००९ मध्ये ॲडम सॉल्ट्समन यांचा ‘कॅनाबाल्ट’ आला. करड्या रंगाच्या, कोसळत्या शहरात एक माणूस छपरांवरून धावत सुटलेला. तो थांबत नाही, वळत नाही, त्याचा वेग वाढतच जातो. खेळणाऱ्याच्या हाती फक्त उडी. कुठेही बोट टेकवा, सगळा पडदा हेच बटण. कड शोधायची गरज संपली, कारण कडच उरली नाही. काचेतली उणीव या मांडणीत गैरलागू झाली.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये हीच मांडणी रंगात न्हाऊन आली ती ‘रेमन जंगल रन’मध्ये. फ्रान्सच्या मिशेल आन्सेल यांनी १९९५ मध्ये जन्माला घातलेला रेमन हा अजब प्राणी. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. पंजे, पावलं आणि डोकं धडाभोवती अधांतरी तरंगतात. फोनसाठी पास्तागेम्स या स्टुडिओने त्याला आपोआप धावायला लावलं आणि खेळणाऱ्याला आधी फक्त उडी दिली. पुढच्या जगात केस गरगर फिरवून तरंगणं आलं, नंतर भिंतीवरून धावणं, शेवटी ठोसा. प्रत्येक लेव्हलमध्ये ‘लम’ नावाचे १०० चिमुकले पिवळे जीव विखुरलेले. ते सगळे वेचले तरच खरी लेव्हल पूर्ण झाली असं समजायचं. ॲपलने त्या वर्षीचा आयफोनवरचा सर्वोत्तम खेळ म्हणून त्याचीच निवड केली.

धावणं यंत्राकडे गेल्यावर खेळणाऱ्याकडे काय उरलं? उडी मारायची की नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच, कारण खड्डा समोर दिसतोच आहे. कुठे जायचं हेही ठरलेलं. उरतो तो फक्त क्षण. कधी बोट टेकवायचं आणि कधी उचलायचं. बोट थोडं जास्त वेळ दाबून धरलं तर उडी उंच जाते, लगेच सोडलं तर बुटकी पडते. एका स्पर्शाला सुरुवात आणि शेवट अशा दोन बाजू असतात, आणि सगळं कौशल्य या दोहोंच्या मधल्या निमिषात मावतं.

डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर बोटाने हालचाल करायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. खेळाचं चित्र दर सेकंदाला ६० वेळा बदलतं. म्हणजे खड्डा दिसल्यावर बोट हलेपर्यंत पंधराएक चित्रं पुढे सरकून गेलेली असतात. बोटाचा स्पर्श फोनला कळून त्याचा परिणाम पडद्यावर उमटायलाही थोडा वेळ जातो. हे सगळं बेरजेला धरलं तर दिसल्यावर उडी मारू म्हणणारा नेहमी उशिराच पोचणार. या खेळात टिकतो तो नजर पुढे टाकून बोट मागे ठेवणारा. चाळीच्या अंगणात दोघी दोरी फिरवत असतात आणि तिसरी बाहेर उभी राहून मान हलवत तालात शिरायची वेळ साधते. दोरी जमिनीला लागल्याचं बघून ती आत जात नाही, दोरी लागणार हे अंगात आधीच मोजलेलं असतं. एका बोटाचा खेळ त्याच अंगात मोजण्यावर चालतो.

लेव्हल रचणारे हे जाणून असतात आणि त्यांना खेळणाऱ्याला हरवण्यात रस नसतो. नाणी किंवा लम हवेत उगीच पेरलेले नसतात. ते उडीच्या कमानीवर मांडलेले असतात. पहिलं नाणं सांगतं इथे बोट टेकव, सगळ्यात वरचं सांगतं इतका वेळ दाबून धर, शेवटचं सांगतं इथे उतरशील. एक अक्षरही न लिहिता पूर्ण धडा दिला जातो. फळीची कड सुटल्यावरही काही क्षणांची सवलत अनेक खेळ गुपचूप देतात. पाय हवेत गेलेला असतो, तरी त्या अवधीत बोट टेकलं तर उडी मान्य होते. रोडरनरच्या कार्टूनमधला कोल्ह्यासारखा कायोटी कड्याबाहेर धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही. त्याच्या नावावरून या सवलतीला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. २०१८ च्या ‘सेलेस्ट’च्या रचनाकार मॅडी थॉर्सन यांनी अशा कितीतरी लपलेल्या सवलती उघडपणे सांगितल्या. जमिनीला पाय लागण्याच्या थोडं आधी बोट टेकलं, तर तो स्पर्श लक्षात ठेवून पाय टेकताच उडी मारून देणं, हीदेखील त्यातलीच एक. खेळणाऱ्याला वाटतं वेळ आपण साधली. ते खोटंही नसतं, कारण त्याचा हेतू बरोबर होता आणि रचणाऱ्याने त्या हेतूला मान दिला.

रंगांचंही तसंच. या खेळांचा भडक आनंदीपणा केवळ मुलांना भुलवण्यासाठी असतो असं मानलं जातं. डब्याच्या दारातून तिरपं ऊन फोनवर पडलं की त्या रंगांचं खरं काम दिसतं. ज्यावर पाय ठेवायचा ती फळी ठसठशीत, तिची वरची कड उजळ. मागचं जंगल मुद्दाम फिकट, धुकं पसरल्यासारखं, म्हणजे त्याला कुणी जमीन समजू नये. टोचणारं ते लाल किंवा टोकदार, वेचायचं ते पिवळं किंवा चमचमतं. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर, पाव सेकंदाच्या आत, काय घातक आणि काय आधाराचं हे डोळ्याला कळायला हवं. ‘रेमन’मधलं प्रत्येक पान हाताने रंगवल्यासारखं सुंदर आहे आणि तरीही एकही पान गोंधळ घालत नाही. चित्रकाराने आपली हौस आणि खेळणाऱ्याची गरज यांचा मेळ घालण्याचं हे उत्तम उदाहरण आहे.

मियामोतोंनी मंचावर दाखवलेला तो खेळ, ‘सुपर मारिओ रन’, १५ डिसेंबर २०१६ ला आयफोनवर आणि पुढच्या मार्चमध्ये अँड्रॉइडवर आला. २४ लेव्हल, आणि प्रत्येकीत आधी पाच गुलाबी नाणी. ती सगळी मिळाली की त्याच लेव्हलमध्ये पाच जांभळी नाणी नव्या जागी उगवतात, तीही मिळाली की पाच काळी. जमीन तीच, शत्रू बरेचसे तेच, पण वाट तिन्ही वेळा निराळी. गुलाबी नाण्यांसाठी जो खड्डा ओलांडला, त्याच्या भिंतीवर आपटून उलटी उडी मारली तर वर जांभळं नाणं असतं. काळ्या नाण्यापर्यंत पोचायला तर तो सगळा मार्ग बोटांत पाठ असावा लागतो. रोज त्याच मार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला तुर्भ्याचं वळण आणि सानपाड्याचा खडखडाट डोळे मिटूनही ओळखू येतो. तशीच ओळख या लेव्हलशी होत जाते, आणि जागा जितकी ओळखीची, तितकं तिच्यात नवं सापडतं.

त्यात एक खास वीटही आहे. तिच्यावर पाय पडला की मारिओ थांबतो, घड्याळही थांबतं. बोट टेकेपर्यंत तो तिथेच उभा. न थांबणाऱ्या खेळात रचणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेला हा विसावा. पुढच्या फळ्या वर-खाली होताना बघायच्या, त्यांची लय मनात धरायची आणि मग निघायचं. गर्दीत कुणीतरी ‘उतरायचंय का?’ विचारतं तेव्हाही ती वीट कामी येते.

या खेळाचं अर्थकारणही नोंदवण्याजोगं आहे. सुरुवातीचा थोडा भाग फुकट आणि बाकी सगळ्यासाठी एकदाच ९.९९ डॉलर, अशी मारिओच्या निन्टेंडो कंपनीने किंमत ठेवली. मध्ये जाहिरात नाही, जादा जीव विकत घेणं नाही. पुढच्या वर्षी कंपनीने सांगितलं, की २० कोटी डाउनलोड झाले, तरी नफा समाधानकारक टप्प्यावर पोचलेला नाही. लोकांनी फुकटचा भाग खेळला आणि बहुतेक जण तिथेच थांबले. फोनवरच्या खेळाला पैसे मोजायची सवय जगाला लागली नव्हती. त्याचा परिणाम आज प्रत्येक लोकलमध्ये दिसतो. मरून पुन्हा उभं राहायच्या क्षणी तीस सेकंदांची जाहिरात. ज्या खेळाचा प्राणच लय आहे, त्याची लय दर दोन मिनिटांनी तोडली जाते. खेळ रचणाऱ्याने मिलिसेकंदांचा हिशोब करायचा आणि वर कुणीतरी अर्धा मिनिट ओतायचा, हा अन्याय आहे, आणि तो खेळणाऱ्या मुलांवर सर्वाधिक होतो.

नवी मुंबईचा स्वतःचा जगप्रसिद्ध खेळ मात्र उड्यांचा नाही. पाटण्याहून आलेल्या विकाश जयस्वाल यांनी २०१० मध्ये ‘गेमेशन’ ही कंपनी काढली आणि २०१६ मध्ये, म्हणजे जिओ आणि मारिओच्या त्याच वर्षी, याच शहरातून ‘लुडो किंग’ बाहेर पडला. २०२० च्या टाळेबंदीत तो देशाच्या घराघरांत पोचला. नेरुळची आजी, पुण्याची मुलगी आणि दुबईचा नातू एकाच पटावर बसले. तोही रंगीत आहे, तोही एका बोटाचा. पण दोन्ही खेळांतला स्पर्श अगदी निराळा आहे. लुडोत फाशावर बोट आत्ता टेकवा की दहा सेकंदांनी, खेळणाऱ्याला सहा आणण्याची युक्ती सापडत नाही. तिथे बोट दैवाला हाक मारतं. गोटी कुठली हलवायची एवढीच अक्कल वापरायची. मारिओत किंवा रेमनमध्ये दैव जवळजवळ नसतंच. खड्डा काल होता तिथेच आज आहे, काटे त्याच अंतरावर, फळी त्याच लयीत. पडलो तर आपलं बोट चुकलं, पार झालो तर आपलं बोट साधलं. लुडो चार माणसांना एकत्र आणतो, आणि ते फार मोलाचं आहे. उडीचा खेळ एकट्या माणसाला त्याच्याच अंगातल्या कालमापनाची ओळख करून देतो.

हा फरक घरातल्या मोठ्यांना समजावून सांगणं गरजेचं झालं आहे. फोनवर बोट चालतं आहे म्हणजे पैसे लावले जात आहेत, अशी धास्ती कितीतरी घरांत आहे आणि ती निराधार नाही. पैसे लावून खेळायच्या ॲपनी अनेकांचे पगार आणि संसार गिळले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ त्यापासून वेगळे धरले. कायद्याने जी रेघ ओढली ती बैठकीच्या खोलीतही ओढली जायला हवी. जिंकलं तर पैसे मिळणार या आशेवर बोट चालणं आणि १०० वा लम मिळावा म्हणून बोट चालणं, यांत माणसाच्या मनाचं होणारं काम पूर्णतः भिन्न आहे.

त्या कामाचा सर्वांत निर्भेळ नमुना ‘जिओमेट्री डॅश’मध्ये सापडतो. स्वीडनच्या रॉबर्ट टोपाला यांनी २०१३ मध्ये तो काढला. एक रंगीत चौकोन संगीताच्या तालावर सरकत जातो, वाटेत त्रिकोणी काटे. उडी मारायची ती ठेक्यावर. एकदा चुकलं की लेव्हल पुन्हा पहिल्यापासून, गाणंही पहिल्यापासून. पडद्यावर प्रयत्नाचा क्रमांक उमटतो आणि किती टक्के वाट पार झाली तेही. शाळकरी मुलांच्या तोंडी हे आकडे सहज असतात. अमुक लेव्हल ९४ टक्क्यांपर्यंत नेली आणि शेवटच्या काट्याला मेलो, हे ज्या अभिमानाने सांगितलं जातं तो ऐकण्यासारखा असतो. ज्या मुलाला गणिताच्या पेपरातली एक चूक बोचते, तोच इथे शेकडो वेळा पडतो आणि पुन्हा तत्काळ बोट टेकवतो. पडणं इथे लाजिरवाणं नाही, कारण प्रत्येक पडण्यातून पुढचा काटा कुठे आहे एवढी नेमकी माहिती हाती लागते.

आणखी एक वर्ग या एका बोटाने आत घेतला. ज्यांना दोन्ही हातांनी कंट्रोलर धरता येत नाही, ज्यांची बोटं संधिवाताने आखडली आहेत, ज्यांनी कधी कुठलाच व्हिडिओ गेम हाती घेतला नव्हता, अशा कितीतरी लोकांना दहा-बारा बटणांची यंत्रं दाराबाहेरच ठेवत होती. पूर्ण पडदा हेच बटण झाल्यावर त्यांच्यासाठीही उडी शक्य झाली. खेळ सोपा करावा लागला नाही, फक्त त्याचा उंबरठा खाली आला.

उडीचे खेळ रचण्याचं कसब महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला शोधत गडकोटांच्या भिंतींवरून धावते, खांबांवर चढते, कठड्यांवरून झेपावते. अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयान मॉड यांच्या या चमूने त्याच्या चित्रणात पहाडी शैलीची छटा आणली आणि गोष्टीचे काही भाग छायाबाहुल्यांतून सांगितले. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम स्वतंत्र खेळांच्या नामांकनात त्याचं नाव होतं. कॉम्प्युटर क्लासमधल्या त्या राजपुत्राच्या पुढच्या पिढीतल्या एका खेळाची नवी आवृत्ती करण्याचं कामही त्याच वर्षी यूबीसॉफ्ट या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे असल्याचं जाहीर झालं. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं, तरी असं काम इथवर पोचलं ही गोष्ट लहान नाही.

नवी मुंबईकडे तर एका रंगीत उडीच्या खेळाला लागणारं सगळं साहित्य पडलेलं आहे. वाशीच्या खाडीपुलाचे खांब, भरती-ओहोटीने वर-खाली होणारं पाणी, खारफुटीची गुंतागुंतीची मुळं, बेलापूरच्या किल्ल्याचा पडका बुरूज, पारसिकची टेकडी, उड्डाणपुलांखाली रंगवलेल्या भिंती. हिवाळ्यापासून मेपर्यंत नेरुळच्या पाणथळीत उतरणारे फ्लेमिंगो, ज्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातल्या शेवाळातून येतो. जितकं शेवाळ वेचाल तितका पक्षी गुलाबी होत जाईल, एवढ्या एका नियमावर आख्खी लेव्हल उभी राहू शकते. पडद्यावर रूळ मात्र जपून आणावेत. रेल्वेच्या रुळांवरून धावणाऱ्या ‘सबवे सर्फर्स’ची मुंबई आवृत्तीही येऊन गेली, आणि मुंबईच्या परिसरात रूळ ओलांडताना खरी माणसं दर वर्षी जीव गमावतात.

हे रचायला स्टुडिओच हवा असं नाही. ‘जिओमेट्री डॅश’मध्ये लेव्हल बनवायची सोय फोनवरच आहे. बोटाने ठोकळे मांडायचे, काटे लावायचे, रंग बदलायचे, गाणं निवडायचं. खारघर-कामोठ्याची मुलं मेच्या सुट्टीत तासन् तास फोनमध्ये डोकं घालून बसलेली दिसतात, त्यांतली काही हेच करत असतात. एक काटा अर्धा ठोकळा डावीकडे सरकवायचा, खेळून बघायचं, पुन्हा सरकवायचं. आपली लेव्हल जगासाठी खुली करण्याआधी एक अट असते. रचणाऱ्याने ती स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत न पडता पार करून दाखवायची. जो खड्डा स्वतःला ओलांडता येत नाही तो दुसऱ्यापुढे ठेवता येत नाही. फोन हातातून काढून घेण्याआधी आई-बाबांनी, आजी-आजोबांनी त्या मुलाने काय मांडलं आहे ते एकदा खेळून पाहावं, आणि पहिल्याच काट्याला पडल्यावर त्यालाच विचारावं, बोट नेमकं कधी टेकवायचं.